नदीचा हिशेब कोणाच्या वहीतून?



या वेळच्या जिल्हा बैठकीत ‘नदीच्या पाण्याचे गणित’ हा विषय चर्चेला घ्यावा, असा आग्रह मी धरला आहे. कापसाचा भाव आहे, आयातीचा प्रश्न आहे, वीजबिल आहे, ज्वारीला कोणी विचारत नाही ही कायमची रड आहे. हे सगळे सोडून नदीचे गणित कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटणे साहजिक आहे. आपल्यातल्या शंभरातल्या ऐंशी जणांच्या वावराला नदीचे पाणी लागतच नाही. आपण आभाळाकडे पाहून पेरतो.

पण नेमके आपल्याच नावाने एक मोठा आकडा मांडला गेला आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ साली मंजुरी दिली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून पाणी उचलायचे आणि सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्यांनी ते बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत न्यायचे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा या सहा जिल्ह्यांतील ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन भिजवायची. खर्च ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक. आणि या साऱ्याच्या मुळाशी एक आकडा : ६२.५७ अब्ज घनफूट पाणी, म्हणजे सुमारे १७७२ दशलक्ष घनमीटर.

हे सहा जिल्हे म्हणजे कोरडवाहू कापूस-ज्वारीचा पट्टा. पाणी आले तर आनंदच आहे. कोरडवाहूपणाचा अभिमान बाळगावा असे त्यात काही नाही. पण ज्या आकड्यावर ८७ हजार कोटींची इमारत उभी राहायची, तो आकडा कसा निघाला, हे विचारणे हा आपला हक्क आहे. आकडा फुगलेला निघाला तर नुकसान कंत्राटदाराचे होत नाही आणि अधिकाऱ्याचेही होत नाही. नुकसान होते टेलवरच्या शेतकऱ्याचे. या कालव्याचे शेपूट अकोला-बुलढाण्यात आहे. जमीन संपादनात गेली, कालवा दारावरून गेला, पण पाणी मध्येच संपले, ही कथा महाराष्ट्राला नवी नाही. खुद्द गोसीखुर्दचा इतिहास काय सांगतो? १९८३ साली ३७२ कोटींचा अंदाज, १९८८ साली भूमिपूजन, २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट. खर्चाचा अंदाज असा चुकतो, तर पाण्याचा अंदाज मात्र तंतोतंत असेल असे आपण का मानावे?

नदीचे पाणी मोजतात कसे?

नदीतले पाणी मोजायची सरळ पद्धत म्हणजे नदीवर मोजणी केंद्र ठेवणे. पाण्याची पातळी पाहायची, प्रवाहाचा वेग मोजायचा, पात्राचा छेद ठाऊक असतो, त्यावरून सेकंदाला किती घनमीटर पाणी गेले हे निघते. केंद्रीय जल आयोगाची अशी केंद्रे आपल्या खोऱ्यात आहेत. वैनगंगेवर पवनी आणि आष्टी, वर्धेवर हिवरा, प्राणहितेवर टेकरा. ही मोजणी म्हणजे सोन्याचा ऐवज आहे.

पण ही केंद्रे मोठ्या नद्यांवर, तीही मोजकी. उपनद्या, नाले, ओढे यांवर मोजणी नाही. जिथे धरण बांधायचे, कालवा काढायचा, पुराची रेषा आखायची, तिथे बहुतेक वेळा मोजणीचे केंद्र नसतेच. मग काय करतात? पावसावरून नदी काढतात. एवढा पाऊस पडला, एवढा जमिनीत मुरला, एवढा पिकांनी व उन्हाने उडवला, उरला तो नदीत आला. हे गणित संगणकात बसवले की त्याला प्रवाहाचे प्रारूप म्हणतात. जमाखर्चाची वही म्हणा ना. जमेला पाऊस; खर्चाला बाष्पीभवन, मुरवण आणि वाहून गेलेले पाणी.

म्हणजे सगळा प्रश्न जमेच्या बाजूपाशी येऊन थांबतो. पाऊस कुठून आणला? पर्जन्यमापक सगळीकडे नाहीत. जिथे होते तिथल्या नोंदी सलग नाहीत. कुठे माणूस बदलला, कुठे यंत्र बिघडले, कुठे महिनाभराची पाने कोरी. प्रारूपाला तर तीस-चाळीस वर्षांचा दररोजचा पाऊस सलग लागतो. ही भोके बुजवायला अलीकडे जगभर एक साधन वापरतात. त्याचे नाव हवामानाचे पुनर्विश्लेषण. त्याविषयीच मला आज लिहायचे आहे, कारण उद्या तुमच्या नदीचा, पुराचा आणि कालव्याचा आकडा त्यातून निघू शकतो.

फाटलेल्या वहीची नवी प्रत

समजा, एखाद्या घराची वीस वर्षांची हिशेबाची वही वाळवीने खाल्ली. अडत्याच्या काही पट्ट्या शिल्लक आहेत, सोसायटीच्या काही पावत्या आहेत, शेजाऱ्याची वही आहे, आणि घरच्या म्हाताऱ्याला पिकांची रीत ठाऊक आहे. हुशार मुलगा बसतो आणि या सगळ्यावरून वीस वर्षांची वही नव्याने लिहून काढतो. जिथे पावती आहे तिथे नोंद पक्की. जिथे पावती नाही तिथे रीतीवरून अंदाज. पण लिहून झालेल्या वहीत एकही रकाना रिकामा नसतो. सगळी पाने एकाच हस्ताक्षरात, सारखी नीटनेटकी.

पुनर्विश्लेषण असेच असते. हवामानाचा अंदाज करणारे मोठे प्रारूप घ्यायचे, ते मागच्या काळावर चालवायचे, आणि दर काही तासांनी त्या काळच्या खऱ्या नोंदी त्याला दाखवून त्याची वाट सुधारत जायची. नागपूरसारख्या केंद्रांवरून आकाशात सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी, जहाजांच्या, विमानांच्या, जमिनीवरच्या वेधशाळांच्या, उपग्रहांच्या नोंदी. यातून साऱ्या पृथ्वीचे हवामान तासातासाला, चौकटीचौकटीने पुन्हा मांडले जाते.

यांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे पुनर्विश्लेषण म्हणजे ‘एरा-५’. युरोपीय देशांनी चालवलेल्या मध्यम मुदतीच्या हवामान अंदाज केंद्राने ते तयार केले. १९४० सालापासून आजपर्यंतचा प्रत्येक तास त्यात आहे, नवी भर पाच-सहा दिवसांच्या अंतराने पडते, आणि ते कोणालाही फुकट मिळते. आपल्याकडे नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम मुदत हवामान अंदाज केंद्राने ब्रिटिश हवामान खाते व भारतीय हवामान खाते यांच्यासह भारतासाठी वेगळे पुनर्विश्लेषण केले आहे. त्याची चौकट १२ किलोमीटरची असून ते १९७९ पासून सुरू होते.

हे विद्यापीठाच्या कपाटातले काम राहिलेले नाही. युरोपची ‘ग्लोफास’ ही जागतिक पूरसूचना यंत्रणा मागच्या वर्षांचा नदीप्रवाह काढताना ‘एरा-५’ वरच उभी राहते. गूगल कंपनीची पूरसूचना आपल्याकडे २०१८ साली पाटण्यापासून सुरू झाली. तिच्या पुढच्या, साऱ्या जगासाठीच्या प्रारूपाला शिकवतानाही याच घराण्यातली माहिती वापरली गेली. म्हणजे तुमच्या मुलाच्या मोबाइलवर नदीची पातळी वाढेल असे दिसते, त्यामागे ही वही असू शकते.

पाऊस मोजलेला नाही, काढलेला आहे

आता मुद्द्याची गोष्ट. या वहीतल्या सगळ्या नोंदी सारख्या भरवशाच्या नाहीत. हवेचा दाब, वरच्या थरांतले वारे, तापमान यांना पावत्या भरपूर आहेत. त्यामुळे ते रकाने बरेच चांगले. पावसाचे तसे नाही. ‘एरा-५’ मध्ये आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकातला आकडा घातलेलाच नसतो. वारा असा होता, दमटपणा एवढा होता, म्हणून पाऊस एवढा पडला असणार, असे प्रारूप स्वतः काढते. तो मोजलेला पाऊस नव्हे, काढलेला पाऊस आहे.

काढलेल्या पावसाच्या दोन खोडी जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. पहिली, त्यात बारीक पावसाचे दिवस फार होतात. दुसरी, मोठा पाऊस दबून जातो. या दोन्ही खोडी कोरडवाहू शेतकऱ्याच्या नेमक्या वर्मावर बसतात.

बारीक पावसाची खोड पाहा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपल्या भागात पऱ्हाटी सुकली, सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत. पावसाचा खंड मोजताना अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो पावसाचा दिवस धरण्याची हवामान खात्याची रीत आहे. आभाळ भरून आले आणि कोरडेच गेले, अशा दिवशी प्रारूपाने तीन मिलिमीटर पाऊस पाडला तर कागदावर खंड तुटतो. वावरात मात्र ढेकळे तशीच असतात.

दुसरी खोड नदीला भोवते. त्यासाठी एक हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहा.

सरासरीत बुडालेला पूर

‘एरा-५’ ची एक चौकट आपल्या अक्षांशावर साधारण २८ किलोमीटर उंच आणि २६ किलोमीटर रुंद असते. म्हणजे सुमारे ७२५ चौरस किलोमीटर, एखाद्या तालुक्याएवढी. एवढ्या सगळ्या मुलखाला एका तासाला एकच पाऊस. आपल्याकडे शेजारच्या दोन शिवारांत एकसारखा पाऊस पडत नाही.

समजा, या चौकटीतल्या १०० चौरस किलोमीटरवर ढगफुटीसारखा १२० मिलिमीटर पाऊस झाला, आणि उरलेल्या ६२५ चौरस किलोमीटरवर फक्त १० मिलिमीटर. चौकटीची सरासरी आली सुमारे २५ मिलिमीटर.

आता किती पाणी वाहून जाईल? कृषीच्या अभ्यासक्रमात अपधावाची एक पद्धत शिकवतात. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने ती विसाव्या शतकाच्या मध्याला बसवली. जमीन, पीक आणि ओल पाहून जमिनीला एक अंक द्यायचा. मध्यम काळ्या, पेरलेल्या जमिनीसाठी तो ८० धरू. या अंकाने पहिले १३ मिलिमीटर जमीन गिळते, आणि त्यानंतर पाऊस वाढेल तसा वाहून जाणारा वाटा वाढत जातो.

१२० मिलिमीटरपैकी सुमारे ६७ मिलिमीटर वाहून जातात. १०० चौरस किलोमीटरवरचे ६७ मिलिमीटर म्हणजे पावणेसात दशलक्ष घनमीटरच्या आसपास. बाकी भागात १० मिलिमीटर पडला, तो सगळा मुरला. म्हणजे ओढ्यात आले पावणेसात दशलक्ष घनमीटर.

संगणकाने मात्र साऱ्या चौकटीवर २५ मिलिमीटर धरला. त्यातले वाहून जातात अवघे दोन मिलिमीटर. ७२५ चौरस किलोमीटरवर त्याचे झाले दीड दशलक्ष घनमीटर.

पाऊस दोन्हीकडे तेवढाच. एक थेंबही कमी-जास्त नाही. पण ओढ्याला प्रत्यक्षात आला चौपटीहून मोठा पूर, आणि संगणकात तो दिसलाच नाही. सरासरीत बुडाला.

पावसाच्या एकूण मापातच चूक असली तर काय होते, तेही पाहा. याच अंकाने १०० मिलिमीटर पावसाचे सुमारे ५० मिलिमीटर वाहून जातात. पाऊस ११० धरला तर ५९ वाहून जातात. पावसात दहा टक्क्यांची चूक, तर नदीत सतरा टक्क्यांची. जमेतली चूक शिलकीत वाढून येते. जो शेतकरी उधारीवर पेरतो त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एक बारीक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. हवामान खात्याचा आजचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठचा. ‘एरा-५’ चे तास ग्रीनिचच्या घड्याळाचे. त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. दोन्ही आकडे न जुळवता शेजारी ठेवले की रात्रीचा पाऊस भलत्याच तारखेला पडतो, आणि मग कोणीतरी म्हणतो, गावचा पर्जन्यमापक खोटा. खोटे कोणीच नसते. दोघांची घड्याळे वेगळी असतात.

दोन चुका एकमेकींना झाकतात

यावर अभियंते सांगतील, आम्ही प्रारूप नदीच्या मोजणीशी जुळवून घेतो. ठीक आहे. पण जुळवतात कसे हे समजून घ्या. पाऊस जास्त धरला गेला आणि नदीत मोजलेले पाणी कमी निघाले, तर प्रारूपातली जमीन जास्त पाणी पिणारी करून टाकतात. आकडे जुळतात. पण जुळतात ते दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे. जोवर सगळे पूर्वीसारखे चालले आहे तोवर ही झाकपाक टिकते. ज्या दिवशी पावसाची तऱ्हा बदलते त्या दिवशी ती उघडी पडते. आणि पावसाची तऱ्हा बदलते आहे, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

दुसरी अडचण आपल्या नद्यांची आहे. पावसावरून काढलेला प्रवाह हा निसर्गाचा प्रवाह. मोजणी केंद्रावर दिसते ते धरणे भरून, उपसा होऊन, उरलेले पाणी. वैनगंगेवर वर मध्य प्रदेशात संजय सरोवर आहे. पेंचवर चौराई धरण झाल्यापासून खाली तोतलाडोहला येणारे पाणी घटले. मग काढलेला प्रवाह आणि मोजलेला प्रवाह यांतला फरक प्रारूपाच्या चुकीचा की धरणाच्या साठ्याचा? हे ठरवायला धरणांची रोजची दैनंदिनी लागते : किती आले, किती सोडले, किती उडाले, किती उचलले. ती दैनंदिनी उघड नसेल तर संगणक कितीही मोठा आणा, उत्तर संशयाचेच राहणार.

तिसरी गोष्ट जुन्या वर्षांची. ‘एरा-५’ १९४० पासून आहे म्हणून ८० वर्षांचा पुरावा मिळाला असे कोणी म्हणेल. पण उपग्रहांच्या नोंदींचा भरणा १९७९ नंतर झाला. त्याआधीच्या पानांना पावत्या कमी. १९५० आणि २०१० यांची तुलना करताना जो फरक दिसतो, त्यातला किती आभाळाचा आणि किती मोजणीच्या साधनांचा, हे वेगळे काढावे लागते.

मग हे फेकून द्यावे का?

नाही. आपली चळवळ नव्या साधनाला घाबरणाऱ्यांची कधीच नव्हती. बियाणे असो की यंत्र, शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचे स्वातंत्र्य हवे, ही आपली भूमिका राहिली आहे. तीच इथेही लागू आहे. परदेशी लोकांनी केलेली वही म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. त्यांनी ती जगासाठी मोफत उघडी ठेवली आहे. आपल्या पाटबंधारे खात्याची वही बघायला मात्र माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती खात्याने आपणहून जाहीर करायला हवी. यातले कोण आपले आणि कोण परके, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुनर्विश्लेषण चांगले कुठे चालते? बाष्पीभवनाच्या हिशेबाला. आपल्या भागात वर्षभरात आभाळ जेवढे पाणी देते त्याहून कितीतरी जास्त उडवून न्यायची उन्हाची ताकद असते. त्यासाठी तापमान, वारा, दमटपणा, सूर्यप्रकाश यांच्या सलग नोंदी लागतात. त्या साध्या पर्जन्यमापक केंद्रावर नसतात, पुनर्विश्लेषणात त्या बऱ्या मिळतात. पाऊस मात्र मोजलेला घ्यावा. हवामान खात्याने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाच्या चौकटी पर्जन्यमापकांवरूनच तयार केल्या आहेत. राज्यात महावेध योजनेखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसली. म्हणजे सरासरी दीडशे चौरस किलोमीटरला एक. ७२५ च्या एका चौकटीत अशी चार-पाच केंद्रे येतात. जिथे मोजणी आहे तिथे मोजणी, जिथे नाही तिथे पुनर्विश्लेषण, आणि तेही शेजारच्या मोजणीवरून दुरुस्त करून. सरळ शहाणपणाची रीत ही आहे.

शिवाय पुनर्विश्लेषणाचा एक गुण आपल्याला फार उपयोगी आहे. त्याला राज्याची सीमा नसते. वैनगंगेचे वरचे खोरे शिवनी-बालाघाटकडे आहे. तिथे किती पाऊस झाला, किती पाणी यायला हवे होते आणि किती आले, याचा एक स्वतंत्र अंदाज खालच्या माणसाला घरबसल्या काढता येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वर जोराचा पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटले, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे पाण्यात गेली. पूर किती आभाळाचा होता आणि किती दरवाज्यांचा, हा प्रश्न प्रत्येक पुरानंतर विचारला जातो आणि प्रत्येक वेळी हवेत विरतो. पाऊस, काढलेला प्रवाह आणि धरणाची दैनंदिनी, तीन कागद शेजारी ठेवले तर त्याचे उत्तर बरेचसे मिळते. विद्यापीठांत शिकणारी आपलीच मुले हे काम करू शकतात.

पंचनाम्याच्या वाटेला मात्र नको

एका ठिकाणी मात्र आपण ठाम नकार दिला पाहिजे. आपल्या राज्यात अतिवृष्टीची मदत ठरवताना मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस हा निकष लावतात. वर मांडलेला हिशेब आठवा. ज्या १०० चौरस किलोमीटरवर १२० मिलिमीटर पडला, तिथला शेतकरी चौकटीच्या हिशेबात २५ मिलिमीटरचा धनी होतो. अतिवृष्टी नाही, मदत नाही. मंडळातले केंद्र बंद पडले होते, म्हणून चौकटीचा आकडा घेतला, असे उत्तर उद्या कोणी दिले तर ते चालू द्यायचे नाही. केंद्र बंद पडले तर शेजारच्या केंद्रांच्या नोंदी घ्या, गावात येऊन पंचनामा करा. नदीचे वर्षाचे गणित करायला जे साधन चालते, ते एका शेतकऱ्याच्या एका दिवसाच्या नुकसानीचा न्याय करायला चालत नाही. ज्वारीचे उतारे जिल्ह्याच्या सरासरीने काढता येतात, पण त्या सरासरीने कोणाच्या घरची कणगी भरत नाही.

पुराचेही तसेच. नदीकाठच्या गावात पाऊस नसतानाही वरच्या पाण्याने वावर खरवडून जाते. अशा गावाला ‘तुमच्या मंडळात ६५ मिलिमीटर नाही’ असे सांगणे ही थट्टा आहे. पूर ही वेगळी आपत्ती आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात सीना, मांजरा, गोदावरीच्या काठी काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी पाण्याची मोजलेली पातळी आणि बुडालेले वावर, हाच पुरावा धरला पाहिजे.

बैठकीपुढचा ठराव

पाण्याच्या आकड्यावर माणसांचे निकाल लागतात, हे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात रोज दिसते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली की वर, यावर नगर-नाशिकची धरणे पाणी सोडणार की नाही ते ठरते. उद्या विदर्भाच्या कालव्यावरही हेच होणार. वर नागपूर, खाली बुलढाणा, मध्ये चार जिल्हे, आणि पाणी कमी. तेव्हा भांडण शेतकऱ्या-शेतकऱ्यांत लागेल आणि आकडा काढणारे निवृत्त झालेले असतील. म्हणून आजच विचारायचे. मी पुढील ठराव मांडत आहे. त्यावर बैठकीत भरपूर चर्चा व्हावी.

पहिले : वैनगंगा-नळगंगा प्रकल्पाचा जलशास्त्रीय अभ्यास मराठीत प्रसिद्ध करावा. पाऊस कोणता घेतला, मोजलेला की काढलेला, कोणत्या वर्षांचा, नदीच्या कोणत्या केंद्राशी जुळवला, हे त्यात स्पष्ट असावे.

दुसरे : पाण्याचा एकच आकडा सांगू नये. शंभरातल्या पन्नास वर्षांत किती, पंचाहत्तर वर्षांत किती, नव्वद वर्षांत किती, आणि प्रत्येकात चूक किती असू शकते, ते सांगावे. लाभक्षेत्र कमी खात्रीच्या आकड्यावर आखून जाहिरात करू नये. टेलच्या गावाला किती वर्षांत पाणी मिळेल ते गाववार लिहून द्यावे.

तिसरे : खोऱ्यातील सर्व मोठ्या व मध्यम धरणांची आवक, विसर्ग व उपसा यांची दैनंदिनी रोज जाहीर व्हावी. मध्य प्रदेशाकडूनही ती मिळवावी. १९८० च्या गोदावरी लवादाने खोऱ्यातल्या राज्यांचे पाण्याचे हक्क ठरवले. हक्काची वाटणी असेल तर हिशेबाची वहीही सामाईक असली पाहिजे.

चौथे : संगणकात माहिती मिळते म्हणून एकही पर्जन्यमापक किंवा नदीवरचे मोजणी केंद्र बंद होता कामा नये. संगणकाची वही सुधारते ती मोजणीनेच. पावत्या फाडल्या तर नवी वही कशावरून लिहिणार?

पाचवे : कोणत्याही मदतीच्या, विम्याच्या किंवा पंचनाम्याच्या निर्णयात मंडळाच्या मोजलेल्या पावसाऐवजी पुनर्विश्लेषणाचा पाऊस वापरू नये.

आणि एक काम आपले आपण करायचे. प्रत्येक शाखेने गावात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. उघड्या जागी, झाडा-भिंतीपासून दूर. रोज सकाळी साडेआठला मोजावे, वहीत तारीख घालून लिहावे, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना कोरा ठेवू नये. शून्य ही नोंद आहे, कोरा रकाना हा गोंधळ आहे. दर आठवड्याला कृषी खात्याच्या ‘महारेन’ संकेतस्थळावरचा मंडळाचा पाऊस शेजारी लिहावा. नाल्यावरच्या पुलाच्या खांबावर रंगाने खुणा कराव्या आणि पूर कुठल्या खुणेपर्यंत आला तेही टिपावे. शाळेतली पोरे हे हौसेने करतील. पाच वर्षांत अशा शंभर वह्या झाल्या तर जिल्ह्यात कोणीही आकडा घेऊन आला, तरी त्याला आपण विचारू शकू : हा आमच्या वहीशी जुळतो का?

सरकारकडे संगणक आहे. युरोपकडे साऱ्या पृथ्वीची वही आहे. आपल्या शिवारात काल रात्री किती पाऊस पडला, ही नोंद मात्र आपल्याशिवाय दुसरे कोणी ठेवणार नाही. पुढच्या बैठकीला येताना शाखाप्रमुखांनी आपापल्या गावची वही बरोबर आणावी.